आई, असं का गं होतं?

मुलांच्या प्रश्नांना तोंड द्यायला सायन्सची पदवी लागत नाही. ओटा, मोरी, हळदीचा डबा आणि थोडासा धीर, एवढं भांडवल पुरतं!

“आई, दुधावर साय का येते?” “पुरीच्या आत काय भरलंय म्हणून ती फुगते?” “बर्फ पाण्यात बुडत का नाही?” घरात चार ते दहा वर्षांचं मूल असेल, तर हे प्रश्न तुमच्या चांगल्याच ओळखीचे असतील. आणि ते येतात तरी कधी? एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर भाजी, डबे भरायचे राहिलेले, रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय, नेमक्या त्याच वेळी पदर ओढत चिरंजीव विचारणार, “आई, कुकरची शिट्टी कोण वाजवतं गं?”

मग आपली ठरलेली तीन उत्तरं असतात. पहिलं, “नंतर सांगते.” दुसरं, “बाबांना विचार.” आणि अलीकडचं तिसरं, “मोबाइलवर बघ.” यात तुमचा काही गुन्हा आहे असं मुळीच नाही. घरातली बाई एका वेळी किती आघाड्या सांभाळणार? पण एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. मूल पाचदा विचारतं, दहादा विचारतं, आणि मग विचारायचं सोडून देतं. घर शांत होतं. आपल्याला वाटतं, चला, शहाणं झालं बाई एकदाचं! आणि पुढे सातवी-आठवीत तेच मूल धडा न समजताच पाठ करू लागलं, की आपण शिकवणी शोधायला निघतो. मधल्या काळात हरवलं काय, तर ते “का गं?” हरवलं. शिकवणीला कितीही फी भरली, तरी ते परत विकत मिळत नाही.

“पण मला कुठे सायन्स येतं? मी आर्ट्सवाली!” असं तुम्ही म्हणाल. खरं सांगायचं, तर इथे उत्तर माहीत असण्याची फारशी गरजच नाही. “मला नाही माहीत. चल, करून बघू!” एवढं म्हणता आलं की पुरे. आणि करून बघण्याची सवय आपल्याइतकी कुणाला असणार? पीठ सैल झालं तर काय होतं, विरजण थंडीत का लागत नाही, डाळ शिजायला कधी वेळ लागतो, हे आपण रोज पारखतच असतो. त्याला प्रयोग म्हणायचं मात्र आपल्या मनात येत नाही, इतकंच.

भांडी घासता घासता

ॲग्नेस पोकेल्स हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. १८६२ साली जन्मलेली ही मुलगी जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइग गावात राहत होती. शिकायची हौस दांडगी, पण मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठाची दारं बंद. घरी आईवडील आजारी, त्यामुळे स्वयंपाक, शुश्रूषा, भांडीकुंडी सगळं तिच्यावर. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकत होता, त्याची पुस्तकं ती मिळवून वाचायची.

भांडी घासताना तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. तेलकट पाणी आणि स्वच्छ पाणी वेगळं का वागतं? साबण पडल्यावर पाण्याच्या पृष्ठभागाचं काय होतं? तिने घरातच पत्र्याचं एक लांबट भांडं केलं, पाण्यावर टेकवलेलं एक बटण वर उचलायला किती जोर लागतो हे मोजलं, आणि अशी वर्षानुवर्षं टिपणं ठेवली. अखेर १८९१ साली तिने इंग्लंडमधले नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं. ज्या विषयाची तिने मोरीशेजारी सुरुवात केली, त्यात पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळांनी काम केलं. ॲग्नेसबाईंना सन्मान्य डॉक्टरेट मिळाली ती १९३२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी!

तिच्या कामाची एक छोटीशी चुणूक तुमच्या लेकीला आजच दाखवता येईल.

साहित्य: एक खोलगट ताटली, पाणी, चिमूटभर मिरपूड, भांड्यांचा साबण.

कृती: ताटलीत पाणी घ्या, ते स्थिर झालं की वर मिरपूड भुरभुरा. आता मुलीला बोटाच्या टोकाला किंचित साबण लावून मधोमध अलगद टेकवायला सांगा. मिरपूड क्षणात कडेला पळेल!

“पुन्हा, पुन्हा!” असा गलका होणारच. पण त्याच पाण्यात दुसऱ्यांदा केलं तर जमणार नाही. का बरं? इथे तोंडाला कुलूप लावून बसा. पाणी बदलून बघू दे, ताटली नुसती विसळून बघू दे, मग स्वच्छ घासून बघू दे. साबणाचा अंशही उरता कामा नये, हे ती आपणच शोधून काढील. कारण असं आहे. पाण्याचा पृष्ठभाग भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवलेल्या कापडासारखा असतो. मध्ये साबण लागला की तिथला ताण सैल पडतो आणि भोवतालचं ताणलेलं पाणी मिरपुडीला आपल्याकडे ओढून घेतं. एकदा सगळंच सैल झालं, की ओढणार कोण?

हळदीचा डाग

हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या कपड्याला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो आणि वैतागतो. मुलाच्या दृष्टीने मात्र ती निव्वळ जादू आहे.

साहित्य: दोन चमचे हळद, थोडं पाणी, कोरे पांढरे कागद, कपडे धुण्याच्या साबणाची वडी, लिंबू.

कृती: हळदीचं सरसरीत पाणी करून कागदाला फासा आणि कागद सावलीत वाळवा. साबण थोड्या पाण्यात कालवा. या पाण्यात काडी बुडवून पिवळ्या कागदावर नाव लिहा, लालभडक अक्षरं उमटतील. मग त्यावर लिंबाचा थेंब टाका. लाल रंग पुसला जाऊन पुन्हा पिवळा!

आंबट पदार्थ एका बाजूचे, साबण-चुना-सोडा दुसऱ्या बाजूचे, आणि हळद ही त्यांच्यातली पंच. शाळेच्या पुस्तकात हाच धडा आम्ल आणि अल्कली या नावांनी येतो. पण पुस्तकाच्या आधी मुलाला घरभर हिंडू द्या. दही कुठल्या बाजूचं? खायचा सोडा? चिंचेचं पाणी? अंगाचा साबण आणि कपड्यांचा साबण सारखाच रंग देतात का? काही साबणांनी हळद बदलत नाही, तेव्हा “प्रयोग फसला” म्हणू नका. तो साबण त्या जातीचा नाही, हाही शोधच. अंगणात लाल जास्वंद असेल, तर तिच्या पाकळ्या कागदावर चोळून दुसरा पंच तयार करा. लिंबाने तो गुलाबी होईल, साबणाने हिरवट-निळसर.

पूर्वी कुंकूही हळदीचंच करत. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून तो लाल रंग आणत. देव्हाऱ्यातल्या दोन कोयऱ्यांमधलं हे नातं मुलांना जरूर सांगा. हल्लीचं पुष्कळसं कुंकू मात्र कृत्रिम रंगांचं असतं, त्यामुळे त्यावर हा प्रयोग लागू पडेलच असं नाही.

पुस्तकातलं उत्तर आणि पेल्यातलं उत्तर

मेणबत्तीचा प्रयोग बहुतेकींनी शाळेत पाहिलेला असेल. ताटलीत पाणी घ्यायचं, मध्ये मेणबत्ती पेटवून उभी करायची आणि वर काचेचा पेला उपडा ठेवायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. त्याचं पाठ केलेलं उत्तरही आठवत असेल: प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली.

आता हाच प्रयोग मुलाशेजारी बसून, उत्तर विसरून, नुसता डोळे उघडे ठेवून करा. पाणी चढतं कधी? ज्योत जळत असताना हळूहळू की विझल्यावर झपकन? बहुतेक सारं पाणी विझल्यानंतरच चढतं. प्राणवायू जळत जाताना ते चढायला हवं होतं, नाही का? मग एकाऐवजी तीन छोट्या मेणबत्त्या लावा. पेला तोच, हवा तेवढीच, पण पाणी आधीपेक्षा जास्त चढतं. पेला ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात का, तेही न्याहाळा.

खरा प्रकार असा आहे. ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातली हवा तापून फुगते, तिच्यातली काही बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच प्राणवायू शिल्लक असतो. म्हणजे पाठ केलेलं उत्तर ह्या पेल्याला पुरं पडत नाही!

पटत नसेल, तर मेणबत्तीशिवाय करून बघा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली गरम पाण्याने विसळा (हे काम तुमचं, मुलाचं नव्हे), पाणी ओतून देऊन लगेच बूच घट्ट लावा. बाटली गार होता होता आपोआप पोचे पडून चेपेल. आणि गरम भाजी भरून झाकण लावलेला स्टीलचा डबा दुपारी उघडता उघडत नाही, त्याचंही कारण हेच. तो डबा किंचित कोमट केला की झाकण का सुटतं, हे आता तुमचं मूलच ऑफिसातल्या बाबांना समजावून सांगेल.

मोठ्या माणसांनी छापलेली गोष्टसुद्धा तपासून बघता येते, हा विश्वास एका पेल्याने मिळतो. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत शिकलेला. एवढा मोठा शास्त्रज्ञ झाल्यावर १८६०-६१ च्या नाताळात त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्यानमाला दिली, आणि सबंध मालेचा विषय काय, तर एक मेणबत्ती!

जत्रेतली फटफट होडी

पत्र्याची ती छोटी होडी आठवते? पोटात वात किंवा मेणबत्तीचा तुकडा पेटवला, की परातीतल्या पाण्यात फट्‌ फट्‌ करत फेऱ्या मारणारी? हल्ली ती जत्रेत मिळाली तर हमखास घ्या. थॉमस पिओ नावाच्या माणसाने १८९१ साली इंग्लंडमध्ये अशा होडीचं पेटंट घेतलं होतं. तिच्यात ना चाक, ना दट्ट्या. पत्र्याची एक चपटी टाकी आणि पाण्यात उघडणाऱ्या दोन नळ्या, बस्स. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे फेकते, होडी पुढे जाते. वाफ थंड होते, नळी पुन्हा पाणी ओढून घेते.

इथे हुशार मूल अडवणारच: “पाणी ओढताना होडी मागे का येत नाही?” प्रश्न सोपा नाही, पण उत्तर तुमच्या तोंडातच आहे! कागदाची एक अरुंद पट्टी दोऱ्याने टांगा आणि हातभर अंतरावरून फुंकर घाला. पट्टी हलते. आता तितक्याच अंतरावरून जोराने हवा आत ओढा. पट्टी जागची हलत नाही. फुंकर एका दिशेने सरळ जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते. होडीचंही तसंच, म्हणून पुढचा धक्का मोठा. (होडीच्या कडा धारदार असतात आणि पत्रा तापतो. पेटवण्याचं आणि विझवण्याचं काम मोठ्यांनीच करावं.)

फेकायच्या आधी थांबा

टाकाऊतून टिकाऊ करण्याची आपल्याला हौस आहेच. त्यातून विज्ञान उभं करणारे अरविंद गुप्ता हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनियर झालेला हा माणूस पुण्याच्या मोटार कारखान्यात नोकरी करत होता. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला खेड्यातल्या शाळांसाठी विज्ञान शिक्षणाचं काम चाललं होतं, तिथे तो गेला आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंपासून खेळणी करू लागला. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत.

त्यांचं एक साधं खेळणं बघा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची रबरी नळी आणा, तिचे छोटे तुकडे करा, गूल खरवडून काढलेल्या आगकाड्या त्या तुकड्यांनी जोडा. चार काड्यांचा चौकोन करा, तो दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो मुळीच हलत नाही. मग मुलाला घेऊन फिरायला निघा आणि त्रिकोण मोजायला लावा. विजेचे उंच मनोरे, रेल्वेचा पूल, पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या, सगळीकडे त्रिकोण का, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आवाजाचाही असाच एक गमतीदार खेळ आहे. काचेच्या चार सारख्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरा आणि चमच्याने हलकेच टिचक्या मारा. जास्त पाण्याच्या बाटलीचा सूर खालचा निघतो. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावर आडवी फुंकर घाला. सगळं उलटं! जास्त पाण्याच्या बाटलीचा सूर वरचा. टिचकी मारली की काच आणि पाणी थरथरतात, ती जितकी जड तितकी सावकाश. फुंकर घातली की आतली हवा थरथरते, आणि ती जितकी थोडी तितकी घाईत. कोकणातल्या ज्यांनी लहानपणी आंब्याची कोय घासून पिपाणी वाजवली असेल, त्यांनी ही संधी सोडू नये. ती कोय एकदा मुलांनाही घासू द्या.

बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंखशिंपले, खडे यांवरच बालवाड्या उभ्या केल्या होत्या. मुलाला महागडी वस्तू लागत नाही, हे त्यांनी कधीच दाखवून दिलं आहे.

सावली पळाली!

वर्षातून दोन दिवस असे येतात, की भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. हे भाग्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेलाच. दिल्लीकरांच्या नशिबी ते नाही! आपल्याकडे पहिला दिवस मे महिन्यात येतो, मुंबईत साधारण महिन्याच्या मध्याला. दुसरा पावसाळ्यात, म्हणून बहुधा ढगांत हरवतो. गावागणिक तारीख बदलते आणि ती वर्तमानपत्रांत छापून येते. त्या दिवशी बारा ते पाऊणच्या दरम्यान गच्चीवर एक पेला उपडा ठेवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीची खूण खडूने करायला सांगा. मे महिन्याच्या सुट्टीत “कंटाळा आला” म्हणणाऱ्यांना एक दुपार तरी कंटाळा येणार नाही.

एवढं मात्र सांभाळा

• घड्याळाच्या, रिमोटच्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास त्या थोड्या वेळात अन्ननलिका भाजून काढतात. तशी शंका आली, तरी तडक दवाखाना गाठा.

• काही खेळण्यांत बारीक, फार जोरकस लोहचुंबक असतात. दोन चुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटीत धरून इजा करतात. लहान भावंड असेल, तर असलं खेळणं घरात नकोच.

• सूर्याकडे थेट, विशेषतः दुर्बिणीतून किंवा भिंगातून, कधीही बघू देऊ नका.

• विज्ञानाचा चकचकीत खोका विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: हे खेळणं एकाच तऱ्हेने खेळता येतं की दहा तऱ्हांनी? एकच असेल, तर चौथ्या दिवशी ते माळ्यावर जाणार. त्यापेक्षा चांगलं भिंग आणि एक मोठा लोहचुंबक वर्षानुवर्षं पुरतात.

उत्तर सगळ्यात शेवटी

प्रयोग कुठलाही असो, क्रम एकच ठेवा. आधी विचारा, “काय होईल असं तुला वाटतं?” मग करू द्या. मग विचारा, “काय दिसलं?” आणि त्यानंतर, “अजून कसं करून बघू या?” आपलं उत्तर त्याच्याही मागून, आणि तेही मागितलं तर! जिभेवर आलेलं उत्तर गिळणं आपल्याला जड जातं खरं, पण मुलाला स्वतः सापडलेली एक गोष्ट आपण सांगितलेल्या दहा गोष्टींना भारी असते.

रोज वेळ काढायला हवा असंही नाही. फ्रिजच्या दारावर एक कागद लावा आणि दिवसभरातले प्रश्न त्यावर लिहून ठेवायला सांगा. “नंतर सांगते” यातलं ‘नंतर’ म्हणजे रविवारी चारनंतर, हे एकदा ठरून गेलं, की पोळ्या करताना पदर ओढला जाणार नाही, आणि प्रश्नही मरणार नाही.

आणि एक शेवटचं. मुलाला यंत्राचा खोका आणि मुलीला भातुकली, ही वाटणी नकळत अजून होते. होडी पेटवताना भाऊ पुढे आणि ताटली विसळायला बहीण, असं होत नाही ना, तेवढं पाहा. भातुकली जरूर द्या, पण दोघांनाही द्या, आणि तिच्यात थोडी हळद, एक लिंबू आणि साबणाचा तुकडा ठेवा. येत्या रविवारी भांडी घासायला बसाल, तेव्हा लेकीलाही शेजारी बसवा. तेलकट पाण्यावर साबणाचा एक थेंब पडू द्या, आणि तिने “आई, असं का गं होतं?” विचारलं, की हसून म्हणा, “तूच सांग बघू!”